फिरत्या चकतीवरची आई

नाई, मी उतरत नाई. तू तुह्यं काम कर बाबू. तूच म्हनला न आता, का नाटकात चकतीवर जसं वजन राहते तसंच ठेवून मोटार बसवा लागते, नाई तं सगळं फुकट — मंग ठेव न वजन. धानाचे पोते तू काठाकाठानं मांडले, अन् नाटकातली आई जिथी उभी राहते तिथी आई उभी आहे, आनखीन काय पाहिजे तुले? मी काही पोत्यापेक्षा हलकी नाई. अन् बाकीच्याची वाट पाहू नोको. जेवाले गेले सगळे, जेवतीन, मंग त्या निंबाखाली आडवे पडतीन, अन् ऊन उतरलं का डोळे चोळत तालमीले येतीन — मले वीट आला आहे त्याइचा. तालमीले येतेत तं हातात मोबाईल, तोंडात खर्रा, अन् संवाद विचारला तं म्हनतेत, बाई, मागून कोनी सांगनच. मी गुणाबाई. नाव ऐकलं असन — नाई? बरं, तू नागपूरचा, तुले कुठून माहीत राहीन. इकडं झाडीपट्टीत कोनालेही विचार. या वडश्यापासून थेट गोंडपिपरीपर्यंत, दिवाळी ते होळी ज्या ज्या गावात नाटक लागते त्या गावात विचार, का बापा, नाटकातली आई कोन, तं गुणाबाई म्हनतीन. सून झाली, सासू झाली, राजमाता झाली, आता कित्येक वर्षं नुसती आईच. मले पाहून मायबहिनी पदर डोळ्याले लावतेत, मी तोंड उघडाच्या आधी. अन् आता मले सांगून राह्यले का तुमाले उभंच राहता येत नाई म्हनून.

चालव तू, चालव. मी तयार आहे. हां — सुटली. पाह्य, पाह्य आता — थांब म्हनलं तिथी थांबली का? पुढं गेली, मंग मागं आली, मंग पुन्हा जराशी पुढं, नंदीबैलावानी मुंडी हालवून राह्यली नुसती. हेच. हेच म्हनत होती मी सगळ्याइले, अन् माह्यं कोनी ऐकाले तयार नाई. तुह्या त्या कम्प्युटरवर दिसलं न? रेघ वरखाली झाली? मंग ते ठेव तसंच, पुसू नोको, मालकाले दाखवाचं आहे. मालक म्हनजे आमचे नानाजीभाऊ, तुले फोन करून ज्यानं बलावलं ते. त्याइनंच सांगतलं असन तुले, मशीन तपासा म्हनून. पन कशासाठी तपासा हे सांगतलं का? नाई न. मंग मी सांगते. आज तालमीले ते या चकतीवर मले उभी करनार आहेत. इंजिनिअर मशीन बसवून जाईन, मंग बाई उभ्या राहतीन, अन् तरी हालल्या तं यंदापासून आई स्वाती करन. असं ठरलं आहे. सगळ्याइच्यासमोर सांगतलं, चहा पेता पेता. म्हनून मी जेवाले गेली नाई, म्हनून तुह्या डोक्यावर येऊन उभी आहे. मशीन वाईट होती, बाईचं काही नाई — एवढं एक वाक्य तुह्या तोंडून त्याइच्या कानावर पडलं पाहिजे. तुह्यं ऐकतीन ते. तुह्या गळ्यात ते कंपनीचं कार्ड आहे न.

अन् स्वाती काय आई करन? तिले मी नावं ठेवत नाई, पोट्टी गुनाची आहे, गळा चांगला आहे, पन आई म्हनजे केसाले पांढरा रंग फासून अन् कंबर वाकवून होते काय? रडाचं आलं का ती खांदे उडवते. मी सांगतलं तिले, अवो, मायचे खांदे हालत नाईत, मायचा घसा हालते. तं हासली. सगळेच हासतेत आजकाल. आता नाटकं पन तसेच झाले म्हना — नावं वाचशीन पोस्टरवरची तं जेवन जानार नाई तुले. मंदी नाच, शेवटी नाच, आई मेली का तिच्या मढ्याच्या बाजूले विनोदी पात्र येऊन घसरते, अन् लोक खूश. शी. थुंकावंसं वाटते, पन मंचावर थुंकत नाईत, म्हनून गिळून टाकते.

आता ढिली केली काय तू? समजलं न मले लगेच, पायाले समजते. आता धक्का नाई देत, पन सुटाले किती वेळ लावते — पाह्य, पेटीवाल्याचं गानं संपलं असतं, टाळ्या झाल्या असत्या, अन् ही आता उठून राह्यली आळसावून. असं नाई चालत बाबू. गान्याचं शेवटचं अक्षर तोंडून पडलं का घर मांगं अन् जंगल समोर, असं पाहिजे, तं मजा आहे. काय म्हनला? ढिली ठेवली तं मांगून येते अन् कसली तं थरथरते, त्याच्या मदातली जागा सापडवा लागते — होय, ते बरोबर म्हनला. नटाचंही तसंच आहे. पुढच्याचं वाक्य संपू न देता जो बोलते तो वाईट, अन् वाक्य संपल्यावर तोंड पाहत राहते तोही वाईट. सापडव तू मदातली जागा. मी उभी आहे.

हे भूत आमच्याकडं आलं कसं तेही ऐक. नानाजीभाऊ नागपुरात कुठल्याशा हॉलात गेले, तिथी फिरता रंगमंच पाह्यला, अन् आले ते डोक्यात चकतीच घेऊन. जेवताना चकती, झोपताना चकती. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं — आमचे पडदे फाटले, बायकाइले कपडे बदलवाले धड आडोसा नाई, अन् याइले चकती पाहिजे. बंद पडलेला एक कारखाना होता, तिथी पुड्या बांधाची मशीन भंगारात निंघाली, तिची ही मोटार अन् तिले चालवनारा हा डबा. पुडी कशी, एक इकडं एक तिकडं झाली तरी कोन मरते? कोनी नाई. तीच मोटार मानसाइच्या खाली लावली. लावली कोनं, तं श्रावणनं. श्रावण आमचा लाइटवाला, हुशार आहे, फ्यूज बांधते, भोंगा दुरुस्त करते, पन त्यानं काय केलं सांगू का — सकारी तुले सांगतलंच असन त्यानं, पन अर्धंच सांगतलं असन. ही मोटार म्हने आपलीआपन शिकते. एक बटन दाबलं का मांगंपुढं हालून पाहते, वरती वजन किती आहे ते समजून घेते, अन् मंग तशीच चालते. बरोबर? हां. तं शिकवताना वरती मानसं उभे कराले पाहिजे होते. पन आमच्या मंडळाची रीत आहे, नवा मंच बसला का नटराजाची पूजा झाल्याबिगर त्याच्यावर कोनी पाय ठेवत नाई, अन् पूजा होते पहिल्या प्रयोगाच्या दिवशी, नारळ तिथीच फुटते. तं मानसं कुठून उभे करन तो? मंग त्यानं पोते आनले. इथी धानाबिगर दुसरं आहे काय? अन् पोते आनले तं हमालानं ते कसे ठेवले असतीन — गोदामात ठेवतेत तशी मदोमद थप्पी. वजन तं भरलं बाप्पा, जेवढे आमी नट तेवढं वजन. श्रावणनं बटन दाबलं, मोटार शिकली, चकती अशी फिरली का सगळ्याइनं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

पन नाटकात मदोमद थप्पी करून कोन उभं राहते? आमी काठावर राहतो, पब्लिककडं तोंड करून. अन् तू आज सकारी आला, पोत्याकडं पाह्यलं अन् कपाळावर हात मारला — मी पाह्यलं, मी त्या दारात उभी होती. तू म्हनला, तेच पोतं मदात असलं तं मोटारीले हलकं लागते अन् काठावर असलं तं भारी लागते. फिरवाले भारी, थांबवाले त्याहून भारी. हे ऐकलं अन् मले एवढं बरं वाटलं बाबू, कितीक दिवसात पहिल्या खेपेले जेवन गोड लागलं असतं, पन मी जेवाले गेलीच नाई. श्रावणचा मले राग नाई. रीत पाळली बिचाऱ्यानं. राग मले त्याचा येते, का एवढी गोष्ट समजून घ्याले कोनाले बाईचं तोंड पाहावंसं वाटलं नाई. बाई पडली म्हनजे बाई म्हातारी झाली, झालं.

पडली कशी, ते तुले मोबाईलवर दाखवलं असन कोनी. सगळ्या झाडीत फिरून राह्यली ती फिल्म. पहिलाच प्रयोग, गोंडपिपरीकडचं गाव, मंडईचा दिवस. दिवसभर जत्रा, पाव्हणे घरोघरी, अन् नाटकाले चिक्कार पब्लिक, झाडावर पोट्टे. माह्या प्रवेश असा आहे — लेक आईले घरातून काढते, आई हातात दिवा घेऊन इथी काठावर उभी, गानं संपते, अन् चकती अर्धी फिरून घर मांगं जाते, जंगल समोर येते. मले काही कराचं नाई, पापनी पन हालवाची नाई, नुसतं उभं राहाचं. ते सगळ्यात कठीन राहते, तुले सांगते, काही न करता उभं राहनं. तं गानं संपलं, चकती सुटली, फिरली, अन् थांबताना पुढं गेली, मांगं आली, असा हिसका दिला का माह्ये दोन्ही पाय गेले. गुडघ्यावर पडली. दिवा गेला, बांगड्या फुटल्या, हे पाह्य मनगट, अजून खपली आहे. अन् मी ओरडली, अवो माय वो — ते काही नाटकात लिहिलेलं नव्हतं, ते माह्यं होतं. अन् पब्लिकमधून काय आलं माहीत आहे? वन्स मोअर.

होय. वन्स मोअर. आमच्याकडं रीत आहे ती, गानं आवडलं का लोक ओरडतेत अन् गानं पुन्हा म्हना लागते, रंगदेवतेचा प्रसादच मानतेत तो. पन पडन्याले वन्स मोअर मी जन्मात ऐकला नव्हता. शिट्ट्या, मोबाईलचे लाइट, पुन्हा पुन्हा तेच. मी हातानं रक्त पुसून विंगेकडं पाह्यलं, म्हनलं आता पडदा पाडतीन. तं नानाजीभाऊ तिथून हातानं खूण करतेत — द्या बाई, द्या. बस, मंग काय. श्रावणनं चकती मांगं नेली, कोनीतरी दिवा पेटवून हातात देल्ला, पेटीवाल्यानं शेवटची ओळ पुन्हा धरली, अन् मी पुन्हा उभी राह्यली. अन् पुन्हा पडली. दुसऱ्या खेपेले मी खोटी पडली बाबू. हिसका येऊच देल्ला नाई, आधीच गुडघे टेकले, मशीनच्या हातून पडन्यापेक्षा आपल्या मनानं पडलेलं बरं म्हनून. अन् त्या खोट्या पडन्याले खऱ्यापेक्षा जास्त टाळ्या आल्या. त्या दिवशी मले पब्लिकची किळस आली. एवढे वर्षं त्याइच्या पायी गावोगाव हिंडली, ट्रकमधी झोपली, माह्या मायची माती झाली तवा मी कुठल्यातरी गावात राजमाता होती, पन त्याइची किळस कधी आली नव्हती मले. त्या दिवशी आली. घरी येऊन अंग घासून घासून धुतलं.

अन् आता याचा कळस ऐक. फिल्म काढनाऱ्यानं ते दुसरं पडनं काढलं. पहिल्या खेपेले त्याचा मोबाईल खिशात होता. तं फिल्ममधी काय दिसते — चकती हिसका द्याच्या आधीच बाई पडली. नानाजीभाऊनं ते सगळ्याइले दाखवलं, पुन्हा पुन्हा, बोटानं मोठं करून करून, अन् मले म्हनते, बाई, पाय तुमचे गेले, मशीनले काऊन दोष देता, नाचता येईना अन् आंगन वाकडं. मले म्हनलं. गुणाबाईले. याच मानसाले मी मंचावर उभं राहाले शिकवलं आहे, पयल्या नाटकात थरथर कापत होता, माह्या पदराले धरून होता. मी सांगतलं त्याले, का भाऊ, तुमीच म्हनलं द्या म्हनून मी देल्ली, ते पडनं नाटकाचं होतं. तं म्हनते, मंग पयलं कशावरून नाटकाचं नव्हतं? काय उत्तर देशीन याले? म्हनून तू पाहिजे.

ए — आता काय केलं? हे गुंईऽ काय वाजून राह्यलं? जास्त कसली न? पायाच्या तळव्याले झिनझिन्या आल्या. हां, कमी कर, कमी कर, दातही वाजाले लागले. आता... आता बरं. फिरव पाहू. हां. अजून एकदा. पुढं जाते पन थोडी. थोडीच. आवाज मात्र अजून आहे, बारीक, झिंगुरावानी. तुले नाई ऐकू येत? काहीच नाई? तुह्या कानात ते काहीतरी घालून घालून बहिरा झाला असशीन तू. मले तं येते. मले घरी पन येते, अंथरुनात, रात्री सगळं चूप असलं का येते — ते मशीनचंच कानात बसलं आहे, दुसरं काय राहीन. थोडंसं पानी दे बाबू, तो गडू आहे तिथी. नाई, मी खाली नाई येत घ्याले, तूच वर दे. वाकलं का मले जरा — ऊन आहे न. पत्र्याखाली किती तापते इथी. खाली वाकून वर पाह्यलं का असं सगळं फिरते, ते कोनाचं नाई फिरत? दोरीवरचं लुगडं काढाले मान वर केली तरी फिरते. सकारी उठल्याबरोबर भिंत धरावी लागते एखाद्या वेळी. स्वातीनं पाह्यलं एकदा अन् गावभर केलं, बाई भिंत धरून चालतेत. अवो, ट्रकचा प्रवास करून आली होती मी, ट्रकमधून उतरल्यावर रस्ता हालूनच राहते, कोनालेही विचार.

यंदा पावसाळ्यात मी भावाकडं होती, तिकडं गावाले. नाटकं बंद राहतेत तवा दुसरं कुठी जाऊ, रोवण्याले जाते त्याइच्या संगं, धान लावाले हात लागतेच. तं यंदा भावजय म्हने, तुमी घरीच राहा बाई, तुमी शेताच्या धुऱ्यावरून पडल्या तवापासून माह्या जीव लागत नाई. त्यालेही मोठं करून सांगतलं तिनं सगळ्याइले — धुरा निसरडा होता, पान्यापावसाचा चिखल, त्याच्यात मानूस पडनार नाई तं काय उभं राहीन? दोनदा पडली असन. का तीनदा. डोक्शावर रोपं होते न... होय, मशीनच्या आधीची गोष्ट आहे. मंग? चिखल होता म्हनलं न मी. तू काऊन असा पाहून राह्यला, तू डाक्टर आहेस काय? तू मोटार पाह्य. तो तालुक्याचा डाक्टरही असाच पाहत होता, कानात बॅटरी मारून, म्हने नागपूरले जा, मोठी तपासनी करा, अन् चक्कर येते तवर कुठी उंचावर उभं राहू नोका. मंचावर उभं राहू नोका म्हनते मले. अन् मंग करू काय? भावाच्या ओसरीवर बसून लसूण सोलू? तो कागद मी चुलीत टाकला. हे मालकाले सांगाचं नाई. सांगशीन नाई न? सांगू नोको. मशीनशी त्याचा काही संबंध नाई.

फिरव, शेवटची खेप फिरव, मी गानं म्हनते, शेवटच्या अक्षरावर सोड. म्हनू? ... आता सोड. — वा. वा बाबू. हे पाह्य. याले म्हनतेत फिरनं. अक्षर पडलं अन् सुटली, धक्का नाई, आवाज नाई, अन् थांबली ते बैलगाडी आपल्या दारात थांबते तशी. पुन्हा कर. ... हां. आता घर मांगं, जंगल समोर. मोठा हात आहे तुह्या. मले वाटलं होतं तुमी कार्डवाले लोक नुसते बटनं दाबता. श्रावणले बलावून दाखव हे, शिकन तरी. अन् त्याले हे सांग, का पूजेच्या आधी पाय ठेवाचा नसन तं पोते निदान काठावर मांडत जा — त्याच्या ध्यानात राहीन, पोट्टा तसा कष्टाळू आहे, नुसता मालकाच्या धाकानं बोलत नाई. त्या दिवशी मी पडली तवा तोच एकटा धावला होता, हातातली वायर टाकून, अन् नानाजीभाऊनं त्याले तिथूनच मांगं हाकललं, म्हने रंगात आलं आहे, तू काय मदात येते. रंगात आलं म्हने. माह्या गुडघ्यातून रक्त येऊन राह्यलं अन् याच्यासाठी रंगात आलं. थू. अशा मानसाच्या हातात आमचे सगळ्याइचे जीव आहेत, मनात येते तं चकतीवर चढवते, मनात येते तं उतरवते. पन आता उतरवू दे मले, पाहते. तू सांगशीन न त्याले — मशीन बिघडली होती, म्हनून बाई पडली, आता चांगली झाली, आता बाई पडनार नाई. एवढंच.

फक्त एक बारीक गोष्ट राह्यली, तेवढी काढून टाक. थांबल्यावर अजून हालते. फिरताना नाई, फिरताना झकास आहे, पन थांबल्यावर. जराशी. तुले खालून नाई दिसनार, वर उभ्या मानसाले समजते ते, पायाखालून जाते अशी — डावीकडं, अन् मंग हळूच उजवीकडं. आता पन. हे पाह्य, आता पन हालून राह्यली. लावून पाह्य न तुह्या कम्प्युटरवर, रेघ वाकडी येईन. थोडी अजून कस, नाई तं थोडी ढिली कर, तुले जे समजते ते कर, पन एवढं काढल्याबिगर जाऊ नोको, तालमीत याच्यावरच अडन माह्यं — काऊन काही करत नाई तू? पाहत काय उभा आहेस? पिशवी काऊन भरून ठेवली? अन् ते हातात... ती वायर मोटारीची आहे न? गुंडाळली काऊन ती?

कवापासून बंद आहे?

श्रावण धावला ते सांगत होती तवापासून.

पुन्हा लाव. लाव न वायर. लावून पहिल्यासारखी करून दे. तुले काय बाबू, एक आकडाच तं बदलवा लागते, सकारी जसा होता तसा करून दे, अन् मालकाले सांग का मोटारच खराब आहे, भंगारातली आहे, इची दुरुस्ती होत नाई. हालू दे तिले. सगळेच हालले तं मंग कोनाचे पाय गेले हे कोन पाहते? स्वाती पन हालन. ती पन पडन, अन् पडली का समजन त्याइले... पडन ती. गुडघ्यावर. अन् खालून ओरडतीन ते.

नाई. नोको लावू. ठेव पिशवीत.

जाय, जेवून घे तू, उशीर झाला तुले. मालक निंबाखाली असतीन, त्याइले सांग मशीन बसली म्हनून. चांगली बसली म्हन. अन् बाईचं विचारलं तं म्हन, बाई सांगतीन. नाई, हात नोको देऊ, मी उतरन माह्यी मी. आता नाई, जराशा वेळानं. बसते इथी, या पोत्याले टेकून. थांबली का मंग उतरते.

जाय न बाबू.